समीच्या हातचा स्ट्यू

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
५ जानेवारी २०२६

श्री. राज यांस,
नमस्कार.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. चार वर्षांत आपलं बोलणं नाही, आणि ते माझ्याच बाजूनं बंद आहे, हे मला ठाऊक आहे. फोन करता आला असता. पण तुमचा नंबर मी तेव्हाच काढून टाकला, आणि खरं सांगायचं तर तुमचा आवाज ऐकायची अजून तयारी नाही. पत्ता समिधाच्या एका जुन्या पाकिटावर मिळाला. घर बदललं नसेल असं धरून लिहितोय.

काम एवढंच. मनोरमाची तब्येत बरी नाही. दोन वर्षं झाली, तिला काही आठवत नाही. सकाळचा चहा दुपारी आठवत नाही, आणि गिरगावातलं आमचं बिऱ्हाड मात्र कालच सोडल्यासारखं बोलते. आता दीड महिना तिनं जेवण टाकलंय. वरणभात पुढे केला की तोंड फिरवते. उत्तनहून ताजे बोंबील आणले, तिच्या आवडीचे. ताट सरकवून दिलं. वजन अडतीस किलोवर आलंय. डॉक्टर म्हणतात, मागेल ते द्या.

ती एकच मागते. "समीनं केलेलं ते हरणाचं दे."

त्या थंडीत ती चार महिने तुमच्याकडे राहिली होती, तेव्हा समिधा कसल्याशा कुकरात खिम्याचा स्ट्यू करायची, तोच असावा. मी कधी तिकडे आलो नाही, मला त्यातलं काही माहीत नाही. इथे हरणाचं मांस मिळत नाही, बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, हे तिला सांगून उपयोग नाही. कृती कळली तर बकऱ्याच्या खिम्याचा करून बघेन.

समिधा गेली हेही तिला आठवत नाही. रोज विचारते. मी रोज सांगतो, तिकडे आत्ता रात्र आहे, झोपली असेल.

कृती कळवावी. बाकी काही लिहायची गरज नाही.

सुभाष प्रधान

*

विस्कॉन्सिन
२४ जानेवारी २०२६

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. घर तेच आहे, नोकरीही तीच, कागदाच्या कारखान्यात.

कृती खरं तर समीची नाही, आमच्या शेजारच्या डेल आजोबांची. ते दर नोव्हेंबरात शिकारीला जातात. हरण मिळालं की खिम्याची पाकिटं करून निम्मी गल्लीत वाटतात. पहिल्यांदा समीनं ते पाकीट फ्रीजमध्ये ठेवलं तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "एका हरणापायी सगळं रामायण झालं, आणि तुम्ही ते घरात आणून ठेवता?" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

खिमा अर्धा किलो. हरणाला चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून तुम्ही मांडीचा घ्या आणि चरबी काढायला सांगा. आधी कढईत थोड्या लोण्यावर परता, लाल रंग जाईपर्यंत. कच्चाच टाकला तर त्याचा गोळा होतो. त्याच कढईत दोन कांदे परतायचे. मग सगळं स्लो कुकरच्या भांड्यात घाला. बटाटे तीन, गाजरं दोन, टोमॅटो चार, तमालपत्र, भरडलेली मिरी, मीठ, आणि वर जेमतेम बुडेल एवढं पाणी. सेलरी मिळाली तर एक दांडा. झाकण लावून 'लो'वर आठ तास. मध्ये झाकण उघडायचं नाही, वाफ जाते. समी दर तासाला उघडायची, मी ओरडायचो. आई आल्यापासून त्यात आलं-लसूण आणि चिमूटभर हळद जायला लागली. बाकी मसाला काही नाही.

स्लो कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, अगदी बारीक गॅसवर, तीन तासांत होईल.

बाकी काही लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. आईंना माझी आठवण असेल तर नमस्कार सांगा. नसेल तर राहू दे.

राज

*

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२२ फेब्रुवारी २०२६

चि. राज यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुला 'तुम्ही' लिहिलं. लिहिताना हात अडखळत होता, तरी लिहिलं. आता 'तू' म्हणतोय, वाईट वाटून घेऊ नकोस.

आधी हे सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. स्ट्यू झाला. ती जेवली. दोन वाट्या. डॉक्टरांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, रोज करा. काल केला, आज पुन्हा गाजरं चिरून ठेवलीत.

तू लिहिलंस, स्लो कुकर नसेल तर पातेल्यात करा. राज, कुकर आहे. चार वर्षं माळ्यावर होता, खोकं न फोडलेलं. कुठला कुकर ते तुला सांगायला नको.

खोकं खाली काढलं. चिकटपट्टी दुहेरी लावलेली, कडा नखानं दाबून बसवलेल्या. वर मार्करनं नुसतं 'आई' लिहिलंय. मी ते सुरीनं कापलं नाही. एक एक पट्टी सोडवत बसलो, त्यात अर्धी सकाळ गेली. खालच्या इलेक्ट्रिकवाल्याला कुकर दाखवला तर तो म्हणाला, "अंकल, ये अमेरिका का है, एक सौ दस का. डायरेक्ट लगाओगे तो उड़ जाएगा." मग मीरा रोडला जाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. विटेएवढा आहे आणि विटेहून जड. येताना नया नगरमधून खिमा घेतला. दुकानदार म्हणाला, "बिना चरबी का सूखा लगेगा, अंकल." म्हटलं, वैसाही चाहिए.

सकाळी नऊला बटण 'लो'वर फिरवलं. झाकण उघडलं नाही. दुपारी बारापर्यंत वास जिन्यात गेला. आमच्या मजल्यावर आमच्याशिवाय कोणाकडे मांसमच्छी शिजत नाही, तुला माहीत आहे. समोरच्या शहाबेन दारात आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी आत पाहिलं, मनोरमा ओट्याशी खुर्ची ओढून कुकरच्या पोटाला तळहात लावून बसली होती. शेकत बसल्यासारखी. शहाबेननी विचारलं, "आंटी खाएगी?" मी म्हटलं, पता नहीं. "खाएगी," म्हणाल्या आणि आपल्या घरी जाऊन खिडक्या लावून घेतल्या.

पाच वाजता वाढलं. पोळी नको म्हणाली, पाव मागितला. पहिला घास घेऊन थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. "आलं जास्त झालं," म्हणाली, आणि वाटी संपवली. दुसरी मागितली. तीन महिन्यांनंतर, राज. मी उठून मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

परत आलो तर ती पदरानं तोंड पुसत होती. अगदी पूर्वीसारख्या आवाजात म्हणाली, "अहो, कुकर पोचला म्हणून समीला कळवलंत का? ती नको म्हणत होती, एवढा बर्फ आहे म्हणून. तुम्ही ऐकलंच नाहीत."

हे वाक्य तुला पोचवायचं म्हणून हे पत्र. बाकीचं मी लांबवतोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

त्या शनिवारी मी समीला फोन केला होता. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तुमच्याकडे सकाळचे आठ. तू कारखान्यात होतास. शहांचा जावई तुमच्यापासून तासाभरावर राहायचा, तो दुसऱ्या दिवशी मुंबईला यायला निघणार होता. मनोरमा तिकडून आल्यापासून त्या कुकरचं नाव काढायची, आणि तिच्या वाढदिवसाला तो द्यायचा, हे माझ्या डोक्यात होतं. समी म्हणाली, "बाबा, बाहेर फार वाईट हवा आहे. पुढच्या वेळी कोणाबरोबर तरी पाठवते." मी म्हटलं, "पुढच्या वेळी कधी? एक खोकं नेऊन द्यायचं तर तुझी एवढी कुरकुर. आई चार महिने तुमच्याकडे राबली तेव्हा नाही हवा आड आली." असं बोललो मी. ती म्हणाली, "बरं बाबा, जाते."

तिनं खोकं नेऊन दिलं. येताना पुलावर गाडी घसरली.

मंगळवारी शहांचा जावई तेच खोकं घेऊन आमच्या दारात उभा होता. त्याला खालीच बातमी कळली होती. माणूस रडत होता. मी खोकं घेतलं, माळ्यावर टाकलं आणि त्याचं नाव काढायचं नाही असं घरात सांगितलं. आणि मग सगळ्यांना सांगत सुटलो की जावयानं असल्या हवेत माझ्या मुलीला एकटीला बाहेर जाऊ दिलं. माझ्या बहिणीला, सुलूला सांगितलं. थोरल्या मेव्हण्यांना, दाजींना सांगितलं. सोसायटीत सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं. तू अस्थी घेऊन आलास तेव्हा मी दारातच तुझ्या हातून कलश घेतला, "तू मारलंस तिला," म्हणालो आणि दार लावलं. तू दोन तास खाली बाकावर बसला होतास. मी खिडकीतून पाहत होतो. मनोरमा म्हणत होती, "त्याला वर बोलवा हो, प्रवासातून आलाय." मी बोलावलं नाही. अस्थी मी एकट्यानंच खाडीत सोडल्या. तुला तिथं उभंही राहू दिलं नाही.

मला वाटायचं, तो फोन फक्त मला माहीत आहे. मनोरमा तेव्हा शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानंतर दोन वर्षं ती शुद्धीत होती, रोज माझ्या समोर बसून जेवत होती, माझ्या तोंडून तुझ्याबद्दल नाही नाही ते ऐकत होती. एकदाही बोलली नाही. मी मोडून पडेन म्हणून असेल. आता हे मनात ठेवायचं असतं, हेच ती विसरली.

आणि तू? समीचा मोबाईल तुझ्याकडे आला असणार. त्यात त्या सकाळचा माझा कॉल दिसला असेल. ती खोकं घेऊन का निघाली हे तुला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तू दारात उभा होतास तेव्हा एक वाक्य बोलला असतास तरी मी गप्प झालो असतो. तू का बोलला नाहीस, ते विचारायचा मला अधिकार नाही. पण मला वाटतं मला ते कळतं, आणि म्हणूनच हे लिहिणं इतकं जड जातंय.

मनोरमाला मी काय उत्तर दिलं ते सांगतो. त्या दिवशी 'ती झोपली असेल' म्हणवेना. मी म्हटलं, "नाही कळवलं." ती म्हणाली, "मग कळवा की. वाट बघत असेल." समीला कळवता येत नाही, म्हणून तुला कळवतोय. कुकर पोचला. चांगला आहे. आईनं दोन वाट्या खाल्ल्या.

काल सुलूला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चार वर्षं आम्ही त्या मुलाला काय काय बोललो रे, दादा." आज सकाळी दाजींकडे जाऊन आलो. त्यांनी चहा विचारला नाही. बरोबरच आहे. शहाबेनना सांगायचं राहिलंय, त्यांच्या जावयाच्या मनावरही ते खोकं असेलच. हे पत्र टाकून आलो की त्यांच्याकडे जाईन.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. घाईनं तसं लिहूनही पाठवू नकोस, तुझा स्वभाव तसा आहे म्हणून सांगतो. राग असेल तर तो लिही. मी वाचेन, आणि तेव्हाच्या तुझ्या पत्रांसारखं यावेळी पाकीट न फोडता टाकून देणार नाही. तू दुसरं लग्न केलंयस का, करणार आहेस का, मला माहीत नाही. केलं असशील तर बरं वाटेल. झाकण उघडू नको म्हणून तू ज्याच्यावर ओरडशील, असं कुणी तरी तुझ्या घरात असावं.

तुझा नमस्कार मनोरमाला सांगितला. "कोण राज?" म्हणाली. मी म्हटलं, "समीचा नवरा." तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "चांगला मुलगा आहे. त्याला जेवायला थांबवून घ्या."

त्या सकाळी तिला घराबाहेर काढणारा,
समीचा बाप,
सुभाष