संकल्प फोनवर म्हणा

अण्णा,

आज रामकुंडावर तुमच्या मदतीला यायचं कबूल केलं होतं, पण पुन्हा गंगापूर रोडच्या ऑफिसात जावं लागतंय. रागावू नका. पूजेची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, दर्भही घातलेत.

तिथले फोन उद्यापासून कंप्युटरच्या वायरींवरून चालणार आहेत. त्या वायरी ज्या डब्यांना जोडल्यात, त्यांतून मेल नीट जातात. आवाज नीट जातो की मध्येच तुटतो, ते आज बघायचंय. तुम्ही जेवून उठलात की मी घरी फोन करीन. नुसत्या 'हॅलो हॅलो'वर काही कळत नाही, कोणीतरी सलग बोलायला हवं. तुम्ही आपला संकल्प म्हणा, जंबुद्वीपापासून गोदातीरापर्यंत, रोजच्यासारखा. साहेब इंग्रजी कॅसेट लाव म्हणत होते, पण तिच्यातला शब्द गळला तर मला कळायचा नाही. तुमचं एक अक्षर गळलं तरी लगेच कळेल.

माझा आवाज ऐकून परवासारखा फोन आईकडे देऊ नका. यजमानाच्या नावाशी आलात की माझंच घ्या. गोत्र विचारावं लागणार नाही.

मयुरेश