मोनाली माझं सांगते

सोमवार, ५ जानेवारी

तीन महिने राहायचं नक्की झालं. डॉक्टरांनी सकाळी आप्पांना फोन करून तसं सांगितलं आणि दुपारी आम्ही तळेगाव ढमढेरेहून निघालो. चौफुल्याला चहा घेतला. वरवंडच्या पुढं हायवे सोडून आत उसात या उपचार केंद्राची इमारत आहे. पूर्वी मंगल कार्यालय होतं. स्टेजमागं अजून थर्माकोलचे मोर पडलेत. मला खिडकीजवळची कॉट मिळाली. स्वयंपाकाच्या कुशाबाईंनी विचारलं, तिखट खाती का गुळमाट? तिखट म्हटल्यावर म्हणाल्या, मंग जमंल तुझं. मी हसले. किती दिवसांनी!

इथं बिरूचं कुणाला माहीत नाही, हे बरं. बिरू म्हणजे बिरदेव, माझा धाकटा भाऊ, सात वर्षांचा. दिवाळीनंतर आमच्या शेततळ्यात बुडाला. तेव्हापासून आई मला रागावतसुद्धा नाही. ताट वाढते आणि उठून जाते. मी शाळा सोडली, मग घरात बोलणंही. म्हणून इथं.

मंगळवार, ६ जानेवारी

पहिला गट झाला. आम्ही अकरा मुलं हॉलमध्ये गोल बसतो, सोबत गट घेणाऱ्या मॅडम. पद्धत अशी: एकानं मनातलं सांगायचं, आणि पुढच्या वेळी त्यानं निवडलेल्या दुसऱ्यानं तेच 'मी' म्हणून सांगायचं. आपलं दुःख बाहेरून ऐकलं की हलकं होतं, असं मॅडम म्हणतात.

आज भांडगावच्या विक्रमनं सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला रात्रभर कांद्याच्या चाळीत कोंडलं होतं. त्यानं निवडली मोनाली. सगळे तिलाच निवडतात म्हणे. बारीक, गप्प मुलगी. दोन वर्षांपासून इथं आहे.

शुक्रवार, ९ जानेवारी

मोनाली विक्रमच्या खुर्चीत बसली आणि तिचा श्वास त्याच्यासारखा चालायला लागला. फळीवर नखं ओढल्याचा आवाज, नखात शिरलेलं लाकडाचं कुसळ. हे विक्रमनं सांगितलंच नव्हतं. सगळे रडले. मॅडमनी शेवटपर्यंत तिचा हात धरून ठेवला होता.

मीही हात वर केला होता. मॅडमनी पाहिलं नाही. शाळेत गॅदरिंगला नेहमी मी असायचे, मला तिच्यापेक्षा चांगलं जमलं असतं.

रविवार, ११ जानेवारी

विक्रम चार भाकरी जेवला. मी चिडवलं, चाळीतनं सुटलास वाटतं. तो म्हणाला, कुठली चाळ? थट्टा करत असेल म्हणून मी पुन्हा विचारलं. त्यानं खरंच आठवून पाहिलं आणि मान हलवली. कुशाबाई म्हणाल्या, सुटला बाई, आता मागं लागू नगंस त्याच्या.

मंगळवार, १३ जानेवारी

आज मी सांगितलं. निम्मंच. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा होता, मी फोनवर होते, एवढंच. कुणी रडलं नाही. मॅडम म्हणाल्या, छान, सावकाश. मोनालीला कधी सावकाश म्हणत नाहीत.

मी मुद्दाम विक्रमला निवडलं.

शुक्रवार, १६ जानेवारी

विक्रमनं शेततळ्याची विहीर केली. ऐकणारे दोघे हसले. नंतर मॅडमनी मोनालीला ऑफिसात नेऊन चहा दिला, त्यांच्या स्वतःच्या कपात. मी दाराशी होते. डॉक्टरांना सांगत होत्या, इतक्या वर्षांत अशी मुलगी पाहिली नाही.

झोप लागत नाही. बिरूचं नाही, त्या कपाचंच मनात येतं. लाज वाटते लिहायला.

मंगळवार, २० जानेवारी

सगळं सांगून टाकलं. आईलाही सांगितलं नव्हतं ते. बिरूनं मला हाक मारली होती. दोनदा. अक्का, अक्का. मी ऐकली. मैत्रिणीला म्हटलं, थांब गं, आमचं कार्टं बोंबलतंय, आणि हसले. तिसरी हाक आली नाही.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. तासभर सगळे माझ्याकडंच बघत होते. मोनालीकडं कुणीच नाही.

कोण सांगणार, विचारल्यावर मी मोनालीचं नाव घेतलं. तिला हे जमणार नाही, आणि सगळ्यांसमोर जमणार नाही, हे मला बघायचं होतं.

शुक्रवार, २३ जानेवारी

जमलं. माझ्याच आवाजात. बिरूच्या भुवईवरचा व्रण, त्याचं तोंडावर हात ठेवून हसणं — मी एक शब्द बोलले नव्हते यातला.

राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. दुपारी दोनदा भात घेतला. खूप हलकं वाटतंय.

रविवार, २५ जानेवारी

आई-आप्पा भेटायला आले. आईनं मोबाइलमध्ये एका मुलाचा फोटो दाखवला. गोड होता. मी विचारलं, कुणाचा गं?

आईनं मोबाइल उलटा धरला. आप्पा म्हणाले, गोळ्यांनी व्हत आसंल.

तेवढ्यात मोनाली पाणी घेऊन आली. तोंडावर हात ठेवून हसली. आईच्या हातातला मोबाइल पडला. आईनं तिला जवळ घेतलं आणि रडली, इतकं की आप्पांनी आईला धरून बसवलं. मला तिनं असं कधी —

ही वही मागं जाऊन वाचली. अक्षर माझं आहे.

सोमवार, २६ जानेवारी

मोनालीला गच्चीवर गाठलं. म्हटलं, माझं परत दे. ती म्हणाली, सगळ्यांचं तिच्यातच राहतं, कधी झोपू देत नाही. बाकीचं ने म्हणाली, कुणाचंही ने.

"तुझा भाऊ मातर देणार न्हाई. बाकीचे नुसते रडत्यात गं. त्यो मला अक्का म्हणतो."

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आईवरून तुला मोनालीचा हेवा वाटतोय, उद्या गटात आईबद्दल बोल. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, नाही बोललीस तरी चालेल, मोनालीला आता आधी ऐकावंही लागत नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

सकाळी. आईचा फोन आला होता. दुपारच्या जीपनं येतेय. मोनालीसाठी करंज्या आणतेय.

वीस तारखेचं पान पाठ करतेय. अक्का, अक्का. कुणाची तरी हाक. पाठ होतं, आठवत नाही.

अकरा वाजले. हॉलमध्ये. वही मांडीवर.

मोनाली माझ्या खुर्चीत बसलीय. मी कुणाला निवडलं नाही. काही सांगितलंसुद्धा नाही —

तिनं सुरू केलं. चुलीपुढं आई माझे केस — नाही, ते राहू दे, ते माझं — तापात कपाळावर हात, कांद्याचा वास त्या हाताला —

सगळे रडतायत. मला हलकं वाटायला लागलंय.

लिहून ठेवते. दुपारी फाटकाशी एक बाई येईल. तिला ओळखायचं. पळत जायचं, मोनालीच्या आधी. नाव सखूबाई. हिरवी साडी असेल. हनुवटीवर गोंदलेला ठिपका. हसली की तिच्या —