टिटवीत पाणी शिरलं कुठून?

प्रिय दादा,

हाताला ग्रीसचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी जात नाही. याच हातांनी तुला लिहायला बसले आहे, कारण रविवारी तुझी बोट, टिटवी, पाण्यात सोडायची आहे, आणि त्याआधी तुझ्याशी बोलल्याशिवाय मला तिचा रिमोट हातात धरता येणार नाही.

तुला जाऊन तीन महिने झाले. तुझ्या बोटवाल्या मित्रांनी ठरवलं आहे की येत्या रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर सगळ्यांनी आपापल्या बोटी घेऊन यायचं, आणि सर्वांत पुढे तुझी टिटवी. वहिनीने ती कपाटावरून काढून माझ्या हातात दिली. हातभर लांब, निळी, पोटाशी पांढरा पट्टा. मी लगेच म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी बोलेन. दादावर चांगला अर्धा तास बोलेन."

वहिनी म्हणाली, "भाषण नको, वन्सं. बोट तेवढी चालवून दाखवा. बोलायचं ते तुम्ही मागेच बोलून बसलात."

आवाजही चढवला नाही तिने. तीस वर्षं मी सभा गाजवते आहे रे! भर सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्यांना खाली बसवलं आहे. पण या वाक्यानंतर मी टिटवी घेऊन सरळ माझ्या घरी आले. ती कशाबद्दल बोलत होती ते तुला माहीत आहे. आपण दोघं त्यावर कधीच बोललो नाही. नाही का?

दोन वर्षांपूर्वीची ती पाण्यावरची सभा. हॉल गच्च भरलेला. तू नेहमीसारखा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर माझ्या कोमट पाण्याचा थर्मास. मी सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या बायांबद्दल बोलत होते, एका हंड्यासाठी दरी उतरणाऱ्या. समोरचे लोक जरा सैलावलेत असं वाटलं, आणि मी म्हणाले, "आणि आमच्या शहरात काय चाललंय? रिटायर झालेले लोक धरणाच्या पाण्यात खेळण्यातल्या बोटी फिरवताहेत! लांब कशाला जाऊ? माझ्याच घरात आहे एक बाळ, साठीचं!"

आणि मी तुझ्याकडे हात केला.

काय हशा पिकला! मागून कुणी शिट्टी वाजवली. लोक माना वळवून तुला बघत होते, आणि तूही हसलास. सभा संपल्यावर थर्मास पुढे करून म्हणालास, "घसा बसलाय तुझा. घोटघोट घे." बस्स. एवढंच!

भांडायचं होतंस की रे! लहानपणी मी जरा मोठ्याने बोलले तरी "ए भोंग्या, बंद हो" म्हणून पाठीत धपाटा घालायचास. तो धपाटा त्या दिवशी का नाही घातलास?

मी जे बोलले त्यातला पहिला अर्धा भाग आजही खरा आहे, आणि तो मी मरेपर्यंत बोलत राहीन. दुसरा अर्धा भाग टाळ्यांसाठी होता. तुझी टिटवी धरणातलं पाणी पीत होती का? उलट एक थेंब आत येऊ नये म्हणून तू जीव टाकायचास. आणि पाण्यावर गावोगाव बोलणारी मी, माझ्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची! तिचा फ्लोट तूच दोनदा येऊन बदललास. शिडीवर उभा असताना तुला हसू नाही आलं?

असो. सोमवारी मी टिटवी बाथरूममधल्या मोठ्या टबात सोडली. तरंगली. रिमोटचा खटका ओढला, पंखा गरगरला. मला केवढा आनंद झाला! थोड्या वेळाने बाहेर काढून झाकण उघडलं, तर नाकाशी वाटीभर पाणी.

मी निदान करून टाकलं: भोक नाकाला आहे. हार्डवेअरच्या दुकानातून दोन गोळे एकत्र मळून लावायचं लुकण आणलं आणि नाकाला आतून-बाहेरून थापलं. मंगळवारी पुन्हा पाणी, पुन्हा नाकाशीच. पुन्हा लुकण. बुधवारी तुझी देखणी टिटवी गालगुंड झाल्यासारखी दिसत होती, आणि पाणी होतं तेवढंच. शेवटी पगारकाकांना फोन केला.

कारखान्यात तू आणि ते एकाच खात्यात होतात, बोटीही दोघांनी बरोबरच सुरू केल्यात, तेव्हा त्यांची जीभ तुला काय सांगायची! टिटवीकडे बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ताई, हे काय? बोटीत पुरण भरलंय का?"

"पाणी नाकाशीच साचतंय, काका. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"बोट टबातून काढता कशी? काढून दाखवा बरं."

मी काढून दाखवली. शेपटीकडून धरून, नाक खाली.

काकांनी कपाळावर हात मारला. सटाण्याकडचा माणूस, चिडला की अहिराणीत शिरतो. "पानी जठे दिखस तठे भोक नही ऱ्हास, ताई! तुम्ही ती उलटी धरली, पाणी नाकात धावलं. ते शिरलं कुठून, हे विचारलं का त्याला? आणि म्हणे पाण्यावर भाषणं करता!"

मी बोट सरळ करून खाली ठेवली. दुसरं काय करणार?

मग त्यांनी तुझी रीत दाखवली. आधी बोटीचं पोट फडक्याने खडखडीत कोरडं करायचं. वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या फाडून प्रत्येक जोडापाशी एकेक ठेवायची. सुकाणूचा दांडा शिरतो तिथे एक, पंख्याचा शाफ्ट ज्या पितळी नळीतून आत येतो तिच्या तोंडाशी एक. बोट टबात हाताने धरायची, मोटर चालवायची आणि नुसतं बघत राहायचं.

"आता बोलायचं नाही," काका म्हणाले. "भास्करराव या वेळेला कुणाला बोलू देत नव्हते."

मी बोलले नाही, दादा. किती कठीण असतं ते! नाकाजवळची पट्टी कोरडी. सुकाणूजवळची कोरडी. आणि मग पितळी नळीपाशी ठेवलेल्या पट्टीवर एक करडा ठिपका उमटला, आणि बघता बघता सगळी पट्टी भिजली. नाकापासून चांगली वीतभर दूर! तीन दिवस मी भलत्याच जागेला शिक्षा करत होते.

काकांनी शाफ्ट ओढून बाहेर काढला. त्यावर काळं, खपलीसारखं काहीतरी चिकटलेलं. "हे ग्रीस होतं. नळी ग्रीसने भरलेली असली की पाण्याला वाट मिळत नाही. पण बोट चालती पाहिजे, ग्रीस बदलतं पाहिजे. नुसती ठेवून दिली की हे असं वाळतं."

"किती दिवस ठेवली की?"

काकांनी बोटीचं झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं.

तुझी ती कारखान्यातली सवय! मशीनला ग्रीस केलं की पेन्सिलीने तारीख टाकायची. झाकणाच्या आतल्या बाजूला एकाखाली एक तारखा, तुझ्या त्या बारीक, सरळ अक्षरात. शेवटची वाचली आणि मी बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसले. माझ्या सभेच्या आदल्या रविवारची होती ती. तिच्याखाली कोरी फळी.

"मी दर रविवारी फोन करायचो," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "म्हणायचे, नको रे, बहिणीचं नाव आहे गावात. लोक म्हणतील, ही स्टेजवरून एक सांगते आणि भाऊ दुसरंच करतो."

दादा!

मला तू गुडघे दुखतात म्हणून सांगितलं होतंस. मी ते मानलं. नाही, या पत्रात तरी खरं बोलते. मानलं नव्हतं. तू का थांबलास हे मला आतून कळलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं. आपल्या शब्दात किती ताकद आहे, असं वाटलं होतं! त्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे आले, तू ओसरीत मटार सोलत बसला होतास. मी म्हणाले, "सुटलास बाबा एकदाचा त्या खेळातून." तू म्हणालास, "हो." आणि चार दाणे माझ्या तळहातावर ठेवलेस. गोड होते. मी ते खाल्ले!

एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या अन्यायांवर बोलले. माझ्या एका वाक्याने एका माणसाचा रविवार गेला, आणि ते मला झाकण उलटं झाल्यावर कळावं?

काल दिवसभर लुकण खरवडत होते. त्याच्याबरोबर तुझा निळा रंगही निघाला, नाकावर मोठा पांढरट चट्टा पडला आहे. काका म्हणाले, "रंग देऊ, दिसणार नाही." मी नको म्हणाले. दिसू दे.

आज नळी आतून पुसली, सुई काढलेल्या सिरिंजने नवं ग्रीस भरलं, आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे शाफ्ट हळूहळू फिरवत आत सरकवला. दुसऱ्या टोकाने जास्तीचं ग्रीस बाहेर आलं, तेव्हा काकांनी मान डोलावली. पुन्हा पट्ट्या, पुन्हा टब, पुन्हा गप्प. या वेळी सगळ्या पट्ट्या कोरड्या निघाल्या. वहिनीही आली होती, दारात उभी होती. तिने एक पट्टी उचलली, बोटांनी चाचपली आणि कमरेला खोचली.

रविवारी मी भाषण करणार नाही. त्या सभेत हसलेले काही लोक तिथे असतील, त्यांच्यादेखत एकच वाक्य बोलेन: "दादाची बोट माझ्यामुळे थांबली." त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. मग खटका ओढेन.

आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी जाईन. कुणी म्हणालं, पाण्यावर बोलणारी बाई बोटी फिरवते, तर म्हणू दे. ग्रीस भरेन, तारीख टाकेन. आजची टाकली आहे. तुझ्या शेवटच्या तारखेला लागून नाही, खाली चार बोटं जागा सोडून. ती जागा मी कधी भरणार नाही, दादा. झाकण उघडेन तेव्हा दर वेळी ती आधी बघेन, आणि मग तोंड उघडेन. वचन!

तुझा,
भोंगा