कोणीही हयात नाही

बिश्केक, ३ ऑक्टोबर २०१२

प्रिय थोरल्या बहिणीस, अनारकुल एजेस,
धाकट्या बहिणीचे सलाम वि. वि.

घरी सगळी खुशाल असाल. फोन मेदेत भाऊजींच्या खिशात असतो, म्हणून पत्र लिहिते.

मनोरुग्णालयातल्या नोकरीला महिना झाला. समाजसेविकेने इथे काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नाही. प्रमुख डॉक्टरांनी मला जुन्या फायली लावायला बसवलं. त्यात तुर्सुनायची फाईल सापडली. होय, तुझी नणंद. ती कुणा ड्रायव्हरबरोबर रशियाला पळाली, असं तू गावाला आणि तिच्या सख्ख्या भावाला सांगितलंस. ती नऊ वर्षं इथे चादरी धुते आहे.

नातेवाइकांच्या रकान्यात लिहिलंय, कोणीही हयात नाही. ते अक्षर मी ओळखते. त्याच अक्षरात तू मला मुळाक्षरं गिरवायला द्यायचीस.

वॉर्डाच्या डॉक्टर म्हणतात, ती सात वर्षांपासून बरी आहे. रोज दोन गोळ्या घेते. न्यायला कोणी येत नाही म्हणून इथे आहे. पंचवीस तारखेला समिती बसेल आणि तिला कायमच्या आश्रयगृहात धाडेल. तिथून कोणी परत आल्याचं सर्वांत जुन्या नर्सलाही आठवत नाही.

मला तुझी लाज वाटते. एवढं लिहूनही तुझीच,
चिनारा


आत-बाशी, ९ ऑक्टोबर

चि. चिनारास,
अनेक आशीर्वाद. पोरी बऱ्या आहेत.

शिकून फार मोठी झालीस. तू तेव्हा वसतिगृहात होतीस. मेदेत मॉस्कोत विटा वाहत होता. घरात मी, तीन महिन्यांची आयदाय आणि भिंतीशी बोलणारी तुर्सुनाय. जानेवारीत ती आयदायला उचलून नदीवर गेली आणि बर्फाच्या मधोमध उभी राहिली. बर्फ तडकत होता. मी काठावरून गोड बोलत बोलत तिला परत आणलं. किती वेळ बोलत होते, कोण जाणे. घसा बसला होता.

रुग्णालयात विचारलं, बरी झाल्यावर कोण नेईल. वसंतात परत धाडतील, या धास्तीने मी शेजारीण असल्याचं सांगितलं आणि ते लिहिलं. आयुष्यात मी कधी इतकी घाबरले नव्हते. चहा पिऊन कागद पुढे सरकवणारीने मला लाज शिकवू नये. तिच्या गोळ्या तू मोजणार आहेस का? मेदेतला कळलं तर माझा संसार मोडेल. हे पत्र चुलीत घाल.

आईच्या जागी असलेली,
अनारकुल


बिश्केक, १४ ऑक्टोबर

प्रिय एजेस, सलाम.

पत्र चुलीत घातलं नाही. बर्फाचं वाचून रडले. तुझी लाज वाटते म्हणाले, ते मागे घेते. खोटं बोललीस, त्याबद्दल काहीही मागे घेत नाही.

गोळी डॉक्टर देतात. ती कुणाच्या घरात, कुणाच्या शेजारी बसून घेतली जाईल, हे पाहणं माझं काम. पहिले दोन आठवडे मी येऊन राहीन. गावच्या दवाखान्यातली नर्स महिन्याला येईल, तिच्याशी बोलून ठेवलंय. तुर्सुनायची झोप उडाली, जेवण सुटलं, गोळी चुकवू लागली, तर लगेच मला फोन करायचा. एवढंच नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. तुला त्या काठावर एकटी सोडणाऱ्यांवरही माझा तितकाच राग आहे.

प्रमुखांनी बोलावून सुनावलं, की एवढी चांगली धुणारी फुकट कुठे मिळते. मी ते शब्द जसेच्या तसे लिहून समितीकडे तक्रार दिली. नोकरी जाईल बहुधा.

तुर्सुनाय तुझ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मला एवढंच विचारते, की बाळाला थंडी तर बाधली नाही ना.

भाऊजींना तूच सांग. वीस तारखेपर्यंत थांबते, मग मी फोन करते.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
चिनारा


आत-बाशी, २ नोव्हेंबर

चि. चिनारास, आशीर्वाद.

सांगितलं. मेदेतने दुधाची बादली खाली ठेवली, कोट घातला आणि बसकडे चालू लागला. तिला घेऊन आला ते तुला ठाऊकच आहे. तो माझ्याशी अजून बोलत नाही.

तुर्सुनाय माझ्या हातचा चहा घेत नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणी भेटायला आल्या. पाव, लोणी सगळं मांडलं होतं. त्यांच्यासमोर ती म्हणाली, की तुम्ही मला जिवंतपणी पुरलंत आणि मी परक्यांच्या चादरी धूत राहिले. मग हातातला वाडगा तिने भिंतीवर फेकला. आयदाय बघत होती.

त्यांच्यातली साबिरा माझ्या कानात कुजबुजली, की आजार उलटला, रुग्णालयाला फोन कर. खरं सांगते, माझा हात खुंटीवरच्या मेदेतच्या कोटातल्या फोनकडे गेला. मग तू लिहिलेलं आठवून पाहिलं. रात्री नीट झोपली होती. सकाळी पोटभर जेवली होती. गोळी माझ्यादेखत घेतली होती.

मी साबिराला सगळ्यांदेखत सांगितलं, की हा आजार नाही, हा राग आहे आणि तो माझ्यावर आहे. बसायचं असेल तर बस, नाहीतर घरी जा.

तुर्सुनायने आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. खाली वाकून फुटके तुकडे वेचू लागली. मी हात लावला तो तिने झटकला, तेव्हा मी दुसऱ्या टोकाचे वेचले.

तक्रारीच्या चौकशीमुळे ठरल्याप्रमाणे तुला येता आलं नाही, ठाऊक आहे, पण आता लवकर ये. तिच्यापेक्षा मलाच तुझी जास्त गरज आहे. राग असू दे, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
अनारकुल