तलासरीच्या करंटवर बांधलेला अ‍ॅम्प

बाबा, तलासरीच्या गिटारवाल्यासाठी तुम्ही बांधलेला अ‍ॅम्प आता माझ्याकडे आहे. तो माझ्याकडे कसा आला ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

२०१४ साली माझा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि मी डहाणूला आपल्या दुकानात बसायला लागले होते. घर रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीवर चालायचं. गिटारचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, जुन्या रेडिओसारखे काचेच्या नळ्यांचे, तुम्ही उरलेल्या वेळात बांधायचात, वर्षाला तीन, फार तर चार, तेही ओळखीतून आलेल्या वाजवणाऱ्यांसाठी. ट्रान्सफॉर्मर घरी, हाताने गुंडाळलेला. गॅसवर जुन्या पातेल्यात मेण वितळलेलं आहे, त्यात तो बुडवलेला आहे, आणि आई दारात उभी राहून म्हणते, "आज आमटीलाही मेणाचा वास. त्या गिटारवाल्यालाच बोलवा जेवायला, त्याला चालेल." तुम्ही हसत नाही. शेवटचा बुडबुडा येऊन जाईपर्यंत तुम्ही पातेल्यावरून नजर काढत नाही.

पण गुंडाळायला घेण्याआधी तुम्ही मीटर घेऊन गिऱ्हाईकाच्या घरी जायचात. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. तलासरीला तुम्ही मला सोबत नेलंत. हायवेवर बसमधून उतरून पाड्यापर्यंत चालत गेलो. गिटारवाला लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा; घरात तो आणि त्याची आई. तुम्ही त्यांच्या प्लगात मीटर लावून दुपारी दोनपासून सातपर्यंत बसलात आणि दर अर्ध्या तासाने आकडा वहीत लिहीत राहिलात. दुपारी दोनशे पाच व्होल्ट, संध्याकाळी एकशे शहाण्णव. मग अचानक दोनशे चार. तुम्ही मीटर ठोकून पाहिलात. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. "मास्तर, तुम्ही वीज मंडळाचे समजून शेजाऱ्याने तारेवरचा आकडा काढला ना!" त्या एका आकड्यापायी तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलात, आणि या खेपेला आधी शेजाऱ्याकडे जाऊन चहा प्यायलात, म्हणजे तो निर्धास्त राहील.

पहिल्या दिवशी परतताना बसची वाट बघत मी म्हणाले होते, "पुस्तकात दोनशे तीस आहे. तेवढं धरून बांधलं तर हे फेरे वाचतील." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझं पुस्तक तलासरीत राहायला येणार आहे का? अ‍ॅम्प येणार आहे." मला राग आला.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. दुकान मी चालू ठेवलं. तुमच्या अ‍ॅम्पची नवी आवृत्ती २०१९ साली माझ्या मनासारखी झाली. तारा आखूड केल्या, अर्थिंगच्या सगळ्या जोडण्या एका ठिकाणी आणल्या, धान्य दळल्यासारखी जी घरघर तुमच्या अ‍ॅम्पला असायची ती मोजून तिसऱ्या हिश्शावर आणली. दुकानातल्या टेबलावर प्रत्येक मापात नवा सरस होता. त्याच सुमारास गिटारवाल्याचा फोन आला. "बेन, मास्तरांचा अ‍ॅम्प व्हॉल्व्ह खातो. वर्षाला दोन जोड्या. परवडत नाय." मी म्हणाले, नवा घ्या, जुना मला बदल्यात द्या. तुमचे बाकीचे अ‍ॅम्प कुठे गेले हे माझं शोधून झालं होतं. काही भंगारात, काहींचा पत्ता नाही. उरलेला हा एकच होता. हे मी त्याला बोलले नाही.

त्याच्या अंगणात आम्ही दोन्ही लावले. गिटार तीच, स्पीकर तोच, धून तीच. मी फक्त केबल बदलायची. दुपारी दोनशे छत्तीस व्होल्ट होते, मधल्या वर्षांत लाइन सुधारली होती. नवा स्वच्छ वाजला, एकेक तार सुटी ऐकू येत होती. जुना मोठा आणि कडक. गिटारवाल्याने मान डोलावली आणि माझ्या मनाने तो जुना घरी नेऊन ठेवलासुद्धा. पण वराती संध्याकाळी निघतात, म्हणून तो म्हणाला थांबू. साडेसहाला पाड्यातले दिवे आणि पंप लागले आणि करंट पुन्हा तुमच्या वहीतल्या आकड्यावर उतरला. नव्याचा आवाज बसला. सूर निघायचा, पण त्याला अंग नव्हतं. "उपाशी माणसाला गायला लावलं बेन तुम्ही," तो म्हणाला. मग जुना लावला. भरलेला, गोल, दाबून वाजवलं की जरा चिरकणारा, मेणाच्या दिवसांतला तुमचाच आवाज. म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "हिचा बाप दोनदा मोजायला आला होता. ही एकदाही मीटर लावून नाय बसली."

तो चहा सांगायला आत गेला तेव्हा व्हॉल्व्ह बघायचे म्हणून मी जुना उघडला. ट्रान्सफॉर्मरला मेनच्या बाजूने दोन तारा जोडलेल्या होत्या, आणि तिसरी, टोकाला नळी चढवून, बाजूला बांधून ठेवलेली. ही तार मला माहीत होती. तुमच्या पेन्सिलीच्या आराखड्यात ती होती. २०१४ साली त्याची पक्की प्रत काढताना मला ती तुमची चूक वाटली आणि मी दोनच काढल्या. तुम्ही प्रत पाहून "रेघा सरळ आल्यात" एवढंच म्हणाला होतात. मी मीटर लावून ताडून पाहिलं. जोडलेल्या दोन दोनशे व्होल्टसाठी होत्या. बांधून ठेवलेली दोनशे पस्तीसची, तलासरीचा करंट कधीतरी सुधारेल त्या दिवसासाठी. तो दिवस दुपारपुरता आला होता, आणि कोणी तार बदलली नाही म्हणून व्हॉल्व्हच्या तंतूंना सव्वासहाऐवजी जवळजवळ साडेसात व्होल्ट जात होते. अ‍ॅम्प व्हॉल्व्ह खात नव्हता. मी झाकण लावलं आणि चहा प्यायले.

नवा परत आणून मी त्याचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, तीन तारांचा, मागे एक खटका: दुपार, संध्याकाळ. महिन्याने मीटर घेऊन गेले आणि सातपर्यंत बसले. दोन्ही वेळा नवा उत्तम वाजला. गिटारवाल्याने खटका चार वेळा वरखाली केला. "हे डोकं कोणाचं? तुमचं?" मी हो म्हणाले. तुमचा अ‍ॅम्प त्याने स्वतः खांद्यावर घेऊन हायवेपर्यंत आणून दिला आणि बसमध्ये सीटखाली नीट सरकवला.

हे पत्र खरं तर त्याला लिहायला बसले होते. त्याचा पत्ता माझ्या वहीत आहे, आणि तो उत्तर देईल. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. जुन्यातली तिसरी तार जोडून तोच खटका तिथे बसवणं दहा मिनिटांचं काम होतं. सोल्डरिंग आयर्न त्या पहिल्या संध्याकाळीही पिशवीत होतं. मग त्याला नव्याची गरजच पडली नसती.