आईची लाईन

आई, आपला धंदा नक्की कसला होता असं कोणी विचारलं की मी अजूनही अडखळते. दुकान नव्हतं, माल आपला नव्हता, दारावर पाटीसुद्धा नव्हती. पुण्याच्या एका कंपनीचे रिले आणि टायमर, म्हणजे मशीनच्या पॅनलमध्ये बसणारे ते काडेपेटीएवढे डबे, आपण डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या कारखान्यांत दाखवायचे. ऑर्डर मिळाली की कंपनीला कळवायची, माल परस्पर जायचा, कमिशन आपलं. याला धंद्यात लाईन म्हणतात. पप्पांनी डहाणू रोडची रेडिओदुरुस्तीची टपरी बंद करून ही लाईन घेतली तेव्हा नातेवाईकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पप्पा गेल्यावर त्याच नातेवाईकांनी तुला लाईन परत करायचा सल्ला दिला. तू तेरावं उरकलंस, पप्पांची सॅम्पलची बॅग खांद्याला लावलीस आणि तलासरीची एसटी धरलीस. तोवर तू स्क्रू ड्रायव्हर फक्त मिक्सरला लावलेला. पुढे सगळा पट्टा तुला बेन म्हणायला लागला, गुजराती शेठ आणि मराठी फिटर, दोघंही.

दोन हजार चौदामध्ये कॉलेज संपवून मी तुझ्याबरोबर फिरायला लागले. तलासरीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सवाल्याने जळका रिले माझ्या हातावर ठेवला, तर मी ऐटीत म्हणाले, "तुमचं वायरिंग चुकलं असेल."  तू रिले रुमालात बांधून घेतलास आणि गेटबाहेर आल्यावर माझ्यावर उखडलीस. "उघडून बघितलास? नाही ना? मग कोणाचं चुकलं ते तुला आधीच कसं कळलं गं?" तुझी पद्धतच होती ती. बंद पडलेला प्रत्येक नग घरी यायचा आणि ओट्यावर उघडला जायचा. एका शेगडीवर सुकट भाजतेय, शेजारी चष्मा नाकावर घेऊन तू रिलेचं पोट उघडतेस, आणि स्वयंपाकघरात सुकटीचा आणि जळक्या प्लास्टिकचा मिळून एक विचित्र वास भरलाय. त्या दिवशी आतला पॉइंट कच्चा निघाला, म्हणजे दोष कंपनीचा. ते सांगायला दुसऱ्या दिवशी तू मलाच परत पाठवलंस, एकटीला. कंपनीचे साहेब तुझ्यावर वैतागायचे, एजंट आमचा आणि आमचीच चूक गावभर सांगतो म्हणून. पण गिऱ्हाइकं वाढत गेली ती याच तुझ्या वेडेपणामुळे, आणि वाढली म्हणूनच घात झाला. हे मला फार उशिरा समजलं. लाईन लहान असते तोवर ती एजंटची असते. मोठी झाली की कंपनीला ती स्वतःची वाटायला लागते.

नोटाबंदी झाली त्या हिवाळ्यात कंपनीने एक माणूस पाठवला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, पहिल्या दिवसापासून तुला मावशी म्हणणारा. एरिया वाढलाय, मावशींना मदत हवी, असं साहेबांनी फोनवर सांगितलेलं. किती खूश झालीस तू! इतक्या वर्षांनी कंपनीला तुझी दगदग दिसली म्हणून. त्याला घेऊन तू दारोदार फिरलीस. इथे शिफ्ट बदलायच्या आत यायचं, तिथे परचेसच्या साहेबांना आधी मुलीच्या लग्नाचं विचारायचं, अमक्याच्या दंडाला ताईत असतो त्यावर हसायचं नाही. तो सगळं फोनमध्ये टिपून घ्यायचा. दुपारी तुझ्याच ओट्यासमोर पाटावर बसून त्याने बोंबलाचं कालवण ओरपलं, दोनदा भात मागून घेतला. मी तुला म्हटलं, "आई, हा एवढं कशाला लिहून घेतो?" तर म्हणालीस, "नवीन आहे गं. शिकतोय." माझा तुझ्यावरचा खरा राग तिथलाच आहे. दुसऱ्याचा नग उघडून आतलं काळं दाखवणारी बाई, तुला समोर बसून जेवणारा माणूस उघडून बघावासा वाटला नाही.

कंपनीची मेल आली तेव्हा तू बोंबील साफ करत होतीस. इंग्रजीचा कारभार माझ्याकडे, म्हणून मी वाचून दाखवत होते. पुढच्या महिन्यापासून कंपनी सगळ्या गिऱ्हाइकांना थेट माल देईल, एजन्सीची गरज राहणार नाही. तुझे हात थांबले नाहीत. शेवटी एवढंच विचारलंस, "आभार मानलेत का?"

"मानलेत. दोनदा."

"मग आपणही मानू. लिही."

मी लिहिणार नाही म्हणून पाय आपटले. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "पप्पांनी सुरू केलं होतं. भांडून बंद नाही करायचं." मी लिहिलं. रडत लिहिलं आणि मुद्दाम तुला दिसेल असं रडले. तू मात्र बोंबलांना मीठ लावत बसलीस.

त्यानंतरच्या मंगळवारी तू नेहमीसारखी तयार झालीस. तलासरीच्या जुन्या गिऱ्हाइकाचे दोन नग उघडून बघितलेत, ते परत द्यायचे राहिलेत म्हणालीस. तुला एकटीला सोडवेना म्हणून मीही निघाले. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन तुला कधीपासून ओळखत होता. वहीत तुझं नाव तो न विचारता लिहायचा, कंपनीसुद्धा. त्या दिवशी त्याचं पेन अडलं. आत बातमी आधीच पोचली होती. मान खाली घालून त्याने विचारलं, "बेन, कंपनी काय लिवू?"

तू खांद्यावरची बॅग सावरलीस. 

"लिही, भेटायला आलीय."

आत तो इस्त्रीचा शर्ट आधीच बसलेला होता, तुझ्या नेहमीच्या खुर्चीत. तुला बघून ताडकन उठला, लाल झाला. मला वाटलं आता तरी बोलशील. तू विचारलंस, "जेवलास का रे?"  बंद पडलेले नग तू मेंटेनन्सवाल्यासमोर ठेवलेस, कुठला कोणाच्या दोषाने गेला ते सांगितलंस आणि चहा पिऊन निघालीस. परतीच्या एसटीत, झरीचा थांबा मागे टाकल्यावर, तू खिडकीकडे तोंड करून रडलीस. मी झोपेचं सोंग घेतलं, कारण तुला तेच हवं होतं.

तरी तू जातच राहिलीस, पोटाच्या दुखण्याने पाय उचलेना तोवर. तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात तलासरीकडे भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हलायला लागली. आपल्याकडे फडताळातली भांडी वाजायची, तिकडे लोक घराबाहेर मंडप घालून झोपायचे. तू अंथरुणावरून मला एकेका फिटरला फोन लावायला सांगायचीस. भिंतीला तडा गेला का, पोरं बाहेर झोपतात तर पांघरुणं आहेत का. मी कावायचे, की आई, आता ते आपली गिऱ्हाइकं नाहीत. तू म्हणायचीस, "फोन लाव." पावसाळ्याच्या तोंडावर तू गेलीस. ते सगळे आले होते, ड्युटी बदलून, कारखान्याच्या कपड्यांतच. कंपनीकडून कोणी आलं नाही. तुझी लाईन तुझ्याकडेच होती, आई. आणि हे तुला जिवंतपणी कोणी सांगितलं नाही, मीही नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुझा नंबर मी चालू ठेवलाय. काही दिवसांपूर्वी त्यावर झाई गावाहून एका म्हाताऱ्यांचा फोन आला. तलासरीच्या कारखान्यातून रिटायर होऊन चिकूची वाडी बघतात. पंपाचा टायमर अडकलाय म्हणाले. "बेन, तुमी दिलेला. आता काय करू?" तू गेल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आपला आवाज सारखा आहे, सगळेच म्हणायचे. मी सांगणार होते, खरंच सांगणार होते. पण इतक्या वर्षांनी कोणीतरी तुझ्याशी बोलत होतं. मी त्यांना मेन बंद करायला लावला, झाकण उघडायला लावलं, आत शिरलेल्या मुंग्या साफ करायला लावल्या. पंप सुरू झाला. ते खूश होऊन म्हणाले, "बेन, एक दिवस वाडीवर या. तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "बरी आहे."