औषध लावलेली जाळी

पुणतांबा,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वृषालीस बाबांचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, ईराला पापा.

इकडे सगळं ठीक. पेरूची पेटी गहिनीनाथच्या टेम्पोतून तुझ्याकडे केडगावला धाडतो आहे, तिच्याच तळाशी हे पत्र आहे. फोन स्पीकरवर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की तुझी आई ऐकते. म्हणून लिहायची वेळ आली. वरचे पेरू आधी खा, पिकलेत.

माझ्या नाकातून रक्त आल्याचं आईने कळवलं असेल. तसं किरकोळच होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून बोभाटा झाला.

बरं, लपवून काय उपयोग, सांगतो. दिवाळीआधी हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ही तारेची जाळी साधी नाही, तिला औषध लावलंय, ते आत हळूहळू सुटत राहतं. आता ज्याची हयात बियाणं विकण्यात गेली, त्याने यातून काय समजायचं? औषध चोळलेलं गुलाबी बी देताना आपण शेतकऱ्याला बजावतोच ना, की आता वरून पुन्हा औषध चोळू नको म्हणून? तोच हिशेब धरून मी रक्त पातळ करायची गोळी बंद केली. नुसती बंद नाही, दुकानात चारचौघांसमोर जाहीर करून. रोज दुकानात गप्पा मारायला येणाऱ्या सहादेवला म्हणालो, "आरं, मी आतूनच औषध लावून आलोय. वरून आनि कशाला?" त्याला ते इतकं पटलं की त्याने बाजारभर सांगितलं. घरी येऊन मी पाकीट तुझ्या आईसमोर कचऱ्यात टाकलं. ती ताक घुसळत राहिली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

तिने पाकीट उचललं आणि रोज गोळी कुटून माझ्या ताकात घालायला लागली. ताक कडवट लागायचं, मी जिऱ्याला नावं ठेवायचो.

हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिला हे ठाऊक नव्हतं, की त्याच आठवड्यात मी दुसरं पाकीट आणून दुकानात कांद्याच्या बियांच्या डब्यात दडवलं होतं आणि गुपचूप गोळी घेत होतो. उघड घेतली असती तर सहादेवला काय तोंड दाखवलं असतं? झालं, रोज डबल डोस. हातावर निळे डाग उठले, दाढी करताना कापलं तर रक्त थांबेना, आणि मग नाक.

नगरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी दोनदा घेता का?"

आई म्हणाली, "दोनदा कसली? ते घेतच न्हाईत. मीच चोरून ताकातून देते."

"ताकातून?" मी ओरडलो. "आगं, मी दुकानात घेतोय की!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग दोघांना शाळेतल्यासारखं झापलं. म्हणाल्या, "जाळीवरचं औषध नळीचं मांस आत वाढू नये म्हणून आहे. पण त्यानेच जाळीवर अस्तर यायला उशीर लागतो. तोवर उघड्या तारेवर रक्ताची गाठ धरू शकते. ती होऊ नये म्हणून गोळी. बंद केली तर जिवावर बेतेल, डबल घेतली तरी बेतेल."

जिना चढताना छातीत आवळतं, तेही मग मी सांगून टाकलं. त्यांनी रंग टोचून नळीचा फोटो काढला, जाळी मोकळीच आहे म्हणाल्या. "पण जाळीच्या पुढची नळी कधीकधी हट्टी होते. श्रम केले की तिने रुंदावायचं, तर ती उलट आकसते. त्याचंही औषध देते."

"हट्टी असनारच," तुझी आई म्हणाली. "नळी कुनाची हाय!"

नर्सबाईसुद्धा हसल्या. हसू देत.

आता चोरून गोळी का सुरू केली, ते. हे डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं नाही. पाकीट फेकलं त्यानंतरची गोष्ट. दुपारी जेवून आडवा झालो होतो. आईला वाटलं मला झोप लागली. ती वाकली आणि माझ्या नाकाखाली बोट धरून उभी राहिली. बोटाला श्वास लागला तशी भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वृषाली, मला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी पाकीट आणलं.

आता गोळी तीच हातावर ठेवते, पाणीही देते. तरी दुपारचं बोट काही थांबलेलं नाही. तिची पावलं मला ऐकू येत नाहीत, पण बोटाला लसणाचा वास असतो, त्यावरून कळतं. मी जागा असतो हे तिला सांगू नकोस. वास आला की मी श्वास जरा जोरात घेतो.

अजून पुष्कळ वर्षं घ्यायचा आहे.

तुझे बाबा